साडेतीनशेचा कंडेन्सर

(निपाणी. सकाळचे अकरा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तम्मण्णाचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान. बाकावर निवृत्त संस्कृत शिक्षक मारुतीराव. समोरच्या टेबलावर त्यांच्या वडिलांचा पाच व्हॉल्व्हचा जुना रेडिओ, पाठ उघडी.)

मारुतीराव : ...चूक ज्याच्या हातून झाली त्यानं क्षमा मागावी, आणि हानी ज्याची झाली त्यानं ती द्यावी, असा साधा क्रम आहे, तम्मण्णा. आमच्या घरात तो क्रमच चाळीस वर्षं अडून राहिला. भरमूनं मागितली नाही, म्हणून मी दिली नाही. आता मला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. तेव्हा न मागता द्यायची, असं ठरवून घरातून निघालो.

तम्मण्णा : माफी द्यायची धाकल्या भावाला, आन आलाय रेडिओवाल्याकडं!

मारुतीराव : कारण ती या रेडिओच्या रूपानं द्यायची आहे. आठ दिवसांपूर्वी हा तुझ्याकडे ठेवून गेलो, तेव्हा तुला कारण सांगितलं नव्हतं. 'एवढा चालू कर' इतकंच म्हणालो.

तम्मण्णा : व्हय. मी मनात म्हटलं, गुरुजींनी जन्मात पहिल्यांदा एका वाक्यात काम सांगितलं.

मारुतीराव : आठवीत मागच्या बाकावर बसायचास तेव्हाही तुझी जीभ अशीच चालायची. फक्त शब्दरूपं म्हणायची वेळ आली की ती थांबे.

तम्मण्णा : ती चालली असती तर आज हितं सोल्डरचा धूर खात बसलो असतो व्हय? तुमच्यासारखं पेन्शन खाल्लं असतं. बोला तुम्ही. भरमाण्णाचं काय म्हणालता?

मारुतीराव : तू आमच्या आप्पांना पाहिलं होतंस का?

तम्मण्णा : एकदा. संकेश्वरच्या बाजारात. फेटा, आन हातात आपल्यापेक्षा उंच काठी.

मारुतीराव : तेच. त्यांना सही करता येत नसे. पण मी संस्कृत शिकवायला लागलो, आणि रेडिओवर सकाळी संस्कृत बातम्या लागतात हे त्यांच्या कानावर आलं. त्या दिवसापासून सातला पाच मिनिटं कमी असताना ते या पेटीसमोर मांडी घालून बसायचे. अर्थ एका शब्दाचा कळत नसे. बातम्या संपल्या की गोठ्यातल्या माणसांना हाक मारून सांगायचे, 'आमच्या मारुतीची भाषा दिल्लीस्नं बोलली रं!'

तम्मण्णा : काय माणूस! माझा बाप माझं दुकान बघून म्हणायचा, ह्या डबड्यांस्नी कोण इचारतंय.

मारुतीराव : पंच्याऐंशी साली आप्पा अंथरुणाला खिळले. एप्रिल महिना होता. मला परीक्षेचे पेपर तपासायला बेळगावला जावं लागलं. जाताना भरमूला बजावलं, मी येईपर्यंत रेडिओला हात लावायचा नाही. नुकताच दुरुस्त करून आणला होता ना! तुमच्याच दुकानातून.

तम्मण्णा : ...आमच्या दुकानातनं.

मारुतीराव : हो, तुझे रवळूमामा दुकान चालवत असताना. मी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भरमूनं बटण फिरवलं. आत फटाका उडावा तसा आवाज झाला, पाठीमागून धूर निघाला, आणि पेटी कायमची मुकी झाली. पुढे अकरा दिवस आप्पा होते. अकराही सकाळी त्यांची नजर त्या कोपऱ्याकडे जायची. एकदाही बोलले नाहीत, नुसती नजर जायची. मग ते गेले.

तम्मण्णा : गुरुजी, च्या सांगू काय?

मारुतीराव : मघाशीच घेतला आपण. ऐक तर पुढचं. दहाव्याला हिरण्यकेशीच्या काठी पिंड ठेवला. तास झाला, दीड तास झाला, कावळा शिवेना. झाडावर आठ-दहा बसलेले, पण एक खाली उतरेना. भाऊबंद एकेक करून पुढे आले. कुणी म्हणालं, शेताचं बघतो. कुणी म्हणालं, म्हातारीला सांभाळतो. काही उपयोग नाही. तेव्हा मी पुढे झालो. मी म्हणालो, 'आप्पांची बातमी ऐकायची राहिली, ती या भरमूच्या हातामुळे. या हाताला जन्मात यश येणार नाही.'

तम्मण्णा : आन?

मारुतीराव : आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लावली.

तम्मण्णा : अगाईऽ!

मारुतीराव : सगळा भाऊबंद म्हणाला, बघा, कावळ्यानं साक्ष दिली. भरमू तिथंच उभा होता, डोकं भादरलेला, ओल्या धोतरात. बावीस वर्षांचा. तेरावा झाल्यावर वळकटी बांधून तो बेळगावच्या वडगावला गेला. कुणाच्या तरी यंत्रमागावर पडेल ते काम करू लागला, मग विणकर झाला, तिथलंच लग्न केलं. पुढे मयतांना, लग्नांना समोर आलो, पण बोललो नाही. मीही नाही, तोही नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्याची मुलगी नीलम एकटी बसनं संकेश्वरला आली, लग्नाची पत्रिका माझ्या हातात दिली, आणि पायाला हात लावून म्हणाली, 'तुम्ही याच, मोठे आबा.' मुलीचा चेहरा थेट आप्पांचा आहे रे. त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. हा रेडिओ बोलता करून त्याच्या दारात न्यायचा आणि म्हणायचं, झालं ते झालं, मी विसरलो. कसं वाटतं?

तम्मण्णा : चांगलं वाटतंय की. गुरुजी, एक इचारू? त्या सकाळी तुमच्या घरात दुसरं काय उडालतं काय? म्हंजे एकादा दिवा, पंखा?

मारुतीराव : त्याचा काय संबंध?

तम्मण्णा : असंच. सांगा तरी.

मारुतीराव : गोठ्यातला दिवा गेला होता त्याच सकाळी. आमच्या मातोश्री सांगत होत्या. तोही मी भरमूच्याच नावावर टाकला. म्हटलं, यानं तिथंही काहीतरी उपद्व्याप केला असणार.

तम्मण्णा : आन उसाला पाणी पाजायचे दिवस. पंपांची पाळी पहाटे सहाला संपत होती काय?

मारुतीराव : बहुधा. सहाला गावातले सगळे पंप थांबायचे खरे. तम्मण्णा, तू मेकॅनिक आहेस की वकील?

तम्मण्णा : काय न्हाय. पंप थांबले की गावाचं व्होल्टेज चढायचं, एवढंच. चला, सेट तयार हाय. तुमाला कुठली गाडी गाठायची? वडगावला जायचं तर आत्ता निघालेलं बरं. मी पाठ लावून देतो.

मारुतीराव : पेचकस खाली ठेव.

तम्मण्णा : का हो?

मारुतीराव : छत्तीस वर्षं मी वर्गात उभा राहिलो आहे. गृहपाठ न करता आलेला मुलगा वही पुढे करताना कसा दिसतो, ते मला ठाऊक आहे. तू माझ्याकडे न बघता त्या एकाच स्क्रूला तिसऱ्यांदा पिळतो आहेस. काय झालं? दुरुस्त झाला नाही का?

तम्मण्णा : झालाय. चोख झालाय.

मारुतीराव : मग?

तम्मण्णा : गुरुजी, तुम्ही भरमाण्णाला माफ करणार. पण समजा... समजा त्याची चूकच न्हवती तर? मग त्या माफीचं काय करायचं?

मारुतीराव : बटण त्यानं फिरवलं. त्यात समजायचं काय?

तम्मण्णा : बटण फिरवल्यानं रेडिओ जळत न्हाय. बटण फिरवायलाच असतंय. थांबा, दाखवतो. ही तंबाखूची डबी उघडा.

मारुतीराव : हे काय? जळक्या कागदाची गुंडाळी दिसते.

तम्मण्णा : हा तुमच्या सेटातला जुना फिल्टर कंडेन्सर. त्याचा गाभा. बाहेरचं ॲल्युमिनियमचं डबडं मी तसंच ठेवलंय, आत नवीन कंडेन्सर बसवलेत. जुन्या सेटाची शोभा मोडू नये म्हणून असं करतात. त्ये नवीन बी निपाणीत न्हाई गावले. कोल्हापूरला गेलतो. येताना कोगनोळीच्या टोलनाक्याला गाड्यांच्या रांगेत तासभर बसलो, मांडीवर पुडी धरून.

मारुतीराव : कंडेन्सर म्हणजे काय ते मला कळेल असं सांग. तुला मी धातू आणि प्रत्यय समजावले, ते तुला कळले नाहीत हा भाग वेगळा.

तम्मण्णा : तुमच्या शेतात मोटरचं पाणी येतंय ते धक्क्याधक्क्यानं येतंय, खरं का न्हाय? सरळ पाटात सोडलं तर पाट फुटतोय. म्हणून मधी हौद बांधायचा. हौदात धक्का जिरतोय आन पाटाला संथ पाणी लागतंय. रेडिओत करंट बी असाच धक्क्यानं येतोय. त्याचा हौद म्हंजे हा कंडेन्सर. हौद खराब झाला की रेडिओ घूंऽऽ करतोय.

मारुतीराव : तशीच घरघर होती तेव्हा. म्हणून तर दुरुस्तीला आणला होता.

तम्मण्णा : आता हौदाची भिंत. पाणी जेवढं चढणार, त्यापेक्षा भिंत उंच पायजे. ह्या सेटाला साडेचारशे व्होल्टची भिंत लागते. चालू करताना पहिला अर्धा मिनिट तर फार ताण असतोय, कारण बाकीचे व्हॉल्व्ह तापलेले नसतात, पाणी प्यायला कोण नसतंय, सगळं हौदातच चढतंय. ह्या जुन्या गाभ्याच्या कडेला आकडा हाय बघा. चष्मा लावा.

मारुतीराव : तीनशे... पन्नास.

तम्मण्णा : व्हय. साडेचारशेच्या जागी साडेतीनशे. त्यात त्या सकाळी पंप थांबून व्होल्टेज चढलेलं. गोठ्यातला दिवा उगंच न्हाय उडाला. भरमाण्णाच्या जागी तुम्ही असता तरी तेच झालं असतं. देव उतरून आला असता तरी तेच.

मारुतीराव : मग हा कमी उंचीचा हौद बांधला कुणी?

तम्मण्णा : सेट आडवा करतो. खाली चासीवर, ह्या पत्र्याच्या सांगाड्यावर बघा, पेन्सिलीनं लिवलंय. रवळूमामांचा नेमच होता. ज्यानं काम केलं त्यानं तारीख टाकून सही करायची. मग तो चेला असू दे न्हायतर उस्ताद. सेट परत आला की ज्याची सही त्यानं फुकट करायचा.

मारुतीराव : 'त. तीन, चार, पंच्याऐंशी.' त...

तम्मण्णा : तम्मण्णा.

मारुतीराव : तू?

तम्मण्णा : मी. मामा खानापूरला लग्नाला गेलते. तुम्ही सेट आणला, म्हणाला, आप्पांस्नी करमत न्हाई, उद्याच पायजे. साडेचारशेचा कंडेन्सर दुकानात न्हवता. साडेतीनशेचा होता. मी म्हटलं, चालतंय की. लावला, घरघर थांबली, मला लई आनंद झाला. तुम्ही पाठीवर हात ठेवून गेलता, आठवतंय? मामा आले, त्यांनी इचारलं, काय घातलंस? मी सांगितलं. त्यांनी हातातली चप्पल फेकून मारली. म्हणाले, माणूस परत आला की पहिला बदलून दे. मी वाट बघितली. तुम्ही आलाच न्हाई. मग मी इसरलो.

मारुतीराव : आलो नाही, कारण दोषी मला घरातच मिळाला होता.

तम्मण्णा : आठ दिवसांमागं सेट उघडला, सही बघितली, तवा नुसती लाज वाटली. म्हटलं, गुपचूप बदलून टाकू, गुरुजींस्नी कशाला सांगायचं. आज तुम्ही सगळं बोलला तवा कळलं, माझ्या त्या 'चालतंय की'नं काय केलंय. मघाशी पाठ लावून दिली असती तर तुमाला जन्मात कळलं नसतं.

मारुतीराव : तरी सांगितलंस.

तम्मण्णा : सांगणार न्हवतो. तुम्ही पेचकस खाली ठेव म्हणाला म्हणून. मारा मला. तुमच्या हातची छडी खाल्ल्याली हाय मी, नवीन न्हाय.

मारुतीराव : जरा गप्प बस, तम्मण्णा. पाणी दे आधी.

तम्मण्णा : घ्या. सावकाश. घाम आलाय तुमाला. पंखा लावतो.

मारुतीराव : कावळा उतरला होता रे. मी बोललो, आणि तो उतरला.

तम्मण्णा : गुरुजी, कावळ्याला कंडेन्सर काय म्हाईत? दीड तास झालता. त्याला भूक लागली असंल. तुम्ही वरडला, माणसं मागं सरली, वाट मोकळी झाली, आन तो आला. मी अडाणी माणूस, चुकत असलो तर सांगा.

मारुतीराव : चुकत नाहीस. उभ्या आयुष्यात मी मुलांना शिकवलं, आधी कारण तपासा, मग निष्कर्ष काढा. आणि स्वतः एका कावळ्याच्या चोचीवर भावाचा निवाडा केला. हसू नकोस.

तम्मण्णा : मी न्हाय हसलो. तुम्हीच हसायला लागलाय.

मारुतीराव : हो, मीच. आश्चर्य आहे, बघ. या क्षणी मला संताप यायला हवा. तुझा, माझा. पण छातीवर मोठा धोंडा होता तो कुणीतरी उचलल्यासारखं वाटतं आहे. क्षमा करायची ठरवली तरी मनात तो दोषीच राहणार होता ना? लग्नात शेजारी बसलो असतो, तरी मी देणारा आणि तो घेणारा. आता तसं नाही. माझा भाऊ निर्दोष आहे, तम्मण्णा. पहिल्यापासून होता.

तम्मण्णा : मग आता तुमाला मागायला लागणार.

मारुतीराव : मागेन. मागायला मला कमीपणा नाही. इतकी वर्षं देण्याचाच कमीपणा वाटत होता. हा लाव बघू आता.

तम्मण्णा : आधी ह्या शंभरच्या बल्बातनं करंट सोडतो. आत काय बिघाड असला तर बल्ब भगभगून पेटंल आन सेट वाचंल. बघा, पेटला... आता मंद झाला. निरोगी हाय. थांबा, व्हॉल्व्ह तापू देत. ती बारीक लाल तार दिसायली न्हवं? झालं.

मारुतीराव : कन्नड आहे.

तम्मण्णा : धारवाड. भुईमुगाच्या टिक्का रोगाचं औषध सांगाय लागलेत. घरघर ऐकू येतीय?

मारुतीराव : मला एका कानानं कमी येतं, पण घरघर नाही. गंगेच्या संथ डोहासारखा आवाज आहे. बारीक कर. आणि तुझा दूरध्वनी घे. पत्रिकेवर खाली भरमूचा क्रमांक आहे. आवाज मोठा ठेव.

तम्मण्णा : आत्ता? फोनवर सांगणार?

मारुतीराव : छे, असल्या गोष्टी समोर बसून सांगायच्या. घरी आहे का एवढंच विचारायचं, आणि दुपारच्या बसनं निघायचं.

तम्मण्णा : लागला. वाजतोय. धरा.

भरमू : हॅलो, कोण? जरा मोठ्यानं बोला, माग चालू हाय.

मारुतीराव : भरमू, मी मारुती.

भरमू : कोण?

मारुतीराव : अण्णा बोलतो आहे.

भरमू : अण्णा? कोण गेलं?

मारुतीराव : कुणी गेलं नाही रे.

भरमू : वैनी बऱ्या हाईत न्हवं? थांब, काय ऐकू येईना. भाग्या, ए भाग्या! माग निल्लिसु गं! बंद कर म्हणतो! हं, बोल. लग्नाला येत न्हाय म्हणून सांगायला फोन केलास काय? नीलम म्हणालती, येणार म्हणून. तिला मी आधीच सांगितलंतं, लई आस धरू नको.

मारुतीराव : येणार आहे. मी सहज... भरमू, तू मागाजवळच उभा आहेस ना? मग तो बंद करायला बायकोला का हाक मारलीस?

भरमू : असंच. सवय.

मारुतीराव : कसली सवय?

भरमू : बटण तीच दाबती. सकाळी चालू करताना बी तीच. सुताचा नवा ताणा चढवला तर आडव्या धाग्याचा पहिला धोटा तिच्या हातनं. मग मी दिवसभर विणतो, त्याचं काय न्हाय. सुरुवात तेवढी माझ्या हातनं नको. चाळीस वर्सं झाली, आता तिला बी काय वाटत न्हाय. अण्णा? फोन कट झाला काय?

तम्मण्णा : न्हाय, न्हाय, आहेत. गुरुजी, बोला. आता बसची वाट बघू नका.

मारुतीराव : भरमू, ऐक. रेडिओ तुझ्या हातानं जळाला नव्हता. आत एक वस्तू चुकीची बसवली होती. कमी ताकदीची. आणि त्या सकाळी पंप थांबून वीज चढली होती. कुणीही बटण फिरवलं असतं तरी तो जळणारच होता. आज मी डोळ्यांनी पाहिलं. तुझा दोष नव्हता. नदीवर मी जे बोललो ते खोटं होतं. थोरला असून मी चुकलो. मला क्षमा कर.

भरमू : अण्णा, आणखी एकदा सांग. थांब, भाग्याला बोलावतो. भाग्या, इल्लि बा, हे ऐक. हं, सांग आता.

मारुतीराव : सूनबाई, तुमच्या नवऱ्याचा काही दोष नव्हता. दोष माझ्या जिभेचा होता. मी त्याची क्षमा मागतो आहे.

भरमू : रडायली ती. ए बाई, तुला काय झालं रडायला! आन... अण्णा, एक सांगू काय? आप्पांनीच सांगितलंतं, लाव म्हणून.

मारुतीराव : काय म्हणतोस?

भरमू : त्या सकाळी. 'मारुती न्हाय गावात, त्याची भाषा तरी ऐकव' म्हणाले. तू हात लावू नको म्हणालतास, बाप लाव म्हणतोय. मी लावला.

मारुतीराव : मग त्याच वेळी मला का बोलला नाहीस?

भरमू : काय बोलू? अंथरुणावरच्या बापावर ढकलू व्हय? आन पुढं त्ये गेले, मग तर बोलायचं संपलंच.

मारुतीराव : चाळीस वर्षं गप्प राहिलास.

भरमू : तू बी कुठं इचारलंस?

मारुतीराव : नाही विचारलं. खरं आहे. भाऊबंदांदेखत बोललो होतो, त्यांच्यादेखतच ते शब्द मागे घेईन. अक्षता पडायच्या आधी, भर मांडवात.

भरमू : मांडवात नको रं बाबा! लेकीचं लगीन हाय, बायका रडत बसतील, मुहूर्त टळंल. पंगतीत सांग. जिलेबी वाढून झाल्यावर. पोट भरलं की माणसं ऐकून घेत्यात.

मारुतीराव : पंगतीत सांगेन.

तम्मण्णा : भरमाण्णा, मी तम्मण्णा बोलतोय. निपाणीचा, रेडिओवाला. ती चुकीची वस्तू मी बसवलीती. तवा रवळूमामांच्या हाताखाली होतो. गुरुजींनी माझं नाव घेतलं न्हाय म्हणून मीच सांगतो.

भरमू : तू? त्या टायमाला वय काय होतं तुझं?

तम्मण्णा : तेवीस.

भरमू : मी बावीस. म्हंजे दोघं बी अडाणीच की रं. एकानं चुकीचं लावलं, दुसऱ्यानं चालू केलं.

तम्मण्णा : शिव्या दे की. मला बरं वाटंल.

भरमू : शिव्या साठवून ठेवल्यात, भेटल्यावर देतो. अण्णा, नीलमच्या मंगलाष्टकांस्नी माणूस ठरवलाय, पण त्याचे उच्चार लई फेंगडे हाईत असं तिचं म्हणणं. तू म्हणशील काय? तिला बोलायला भ्या वाटत होतं.

मारुतीराव : म्हणेन. मला आनंदच आहे. आणि आज दुपारी येतो आहे, हा रेडिओ घेऊन. तो तुझ्या घरात राहील.

भरमू : आज? घरात सगळं सूत पसरलंय, बसायला जागा न्हाई.

मारुतीराव : सुतावर बसेन.

भरमू : तुला काय, तू बसशील, शिव्या मला पडतील. ये. जेवायला ये. उशीर झाला तरी थांबतो. अण्णा... माझा हात खरंच चांगला हाय म्हणतोस?

मारुतीराव : त्या हातानं विणलेली साडी नीलमनं माझ्या घरात दिली आहे. तुझ्या वहिनी ती नेसून शेजाऱ्यांना दाखवून आल्या. सांगितलं नव्हतं तुला, एवढंच.

भरमू : लगेच काय जमायचं न्हाय बटणाचं. बघू. उद्या, परवा.

मारुतीराव : घाई नको. तुला वाटेल तेव्हा.

तम्मण्णा : गुरुजी, सेट बसमध्ये तुमाला झेपायचा न्हाय. काच हाय, व्हॉल्व्ह हाईत. मी येतो. मांडीवर घेऊन बसतो. दुकानाला कुलूप लावतो.

मारुतीराव : चल. तुझं प्रायश्चित्त तेवढंच. आणि चासीवर आजची तारीख घातलीस का?

तम्मण्णा : घालतो की. साडेचारशेचा आकडा बी लिवतो खाली. पण आधी जरा पाय पुढं करा.

भरमू : मी बी हितनंच पाया पडतो, अण्णा. समोर आल्यावर जमंल न जमंल. सगळी बघत असतील.

मारुतीराव : असू दे, तिथूनच नमस्कार पोचला. हा इथं वाकला आहे, तू तिथं. औक्षवंत व्हा रे दोघंही. घरात सुखानं राहा.